कूलरमधलं पाणी

आमच्या घरात चिडायची वेळ ठरलेली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास बाबा गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे, दहा मिनिटांत पहिला मच्छर चावायचा आणि मग सुरू. आमचं घर अकोल्यात जुन्या शहराच्या बाजूला, मोर्णा नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. त्यामुळे पहिला नंबर नदीचा. मग नाली. मग नळ, जे कधी चार दिवसांनी येतात तर कधी सहा. मग रस्ते, मग निवडून दिलेली माणसं, आणि सगळ्याचा समारोप एकाच वाक्यानं: "या गावाचं काही होत नाही बाप्पा."

मी हे वाक्य ऐकत मोठा झालो. पुढे स्वतःही म्हणू लागलो. अमरावतीला इंजिनीअरिंगला गेल्यावर त्यात 'या गावाचं'च्या जागी 'या युनिव्हर्सिटीचं' आलं, पुण्यात नोकरीला लागल्यावर 'या कंपनीचं' आलं. वाक्य तेच राहिलं. त्या वाक्याची गंमत अशी की ते म्हणून झालं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. माणूस मोकळा होतो, खाली जाऊन जेवतो.

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. आणि एका कूलरबद्दल.

*

आधी नदीचं सांगतो, कारण तिथं मी एकदा खरोखर गेलो होतो.

२०१८च्या जानेवारीत अकोल्यात मोर्णा साफ करायची मोहीम निघाली. आस्तिककुमार पाण्डेय तेव्हा जिल्हाधिकारी होते. मी अमरावतीत थर्ड इयरला होतो. शनिवारी, १३ जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी नदीवर यायचं असं ठरलं होतं. मी शुक्रवारी संध्याकाळची एसटी पकडून घरी आलो. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, पण त्या दिवशी तो कंटाळवाणा वाटला नाही.

सकाळी नदीवर जे पाहिलं ते अकोल्यात मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी, दोन्ही काठांवर माणसं. सहा हजारांहून जास्त लोक आल्याचं नंतर सांगितलं गेलं. शाळेची पोरं, वकील, डॉक्टर, भाजीवाले, शंभरावर संस्था. पाणी दिसतच नव्हतं, सगळी जलकुंभी. हिरवीगार, जाड देठांची, लांबून पाहिली तर शेत वाटावं अशी. आम्ही ती ओढून काठावर आणत होतो. एक बोजा ओढला की खाली काळं पाणी दिसायचं आणि नाक दाबावं लागायचं. दुपारपर्यंत हात भरून आले. २८ जानेवारीच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मोर्णेचं नाव घेतलं तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज इतका वाढवला की शेजारचे काका डोकावून गेले. "आपली मोर्णा!" बाबा म्हणत होते. त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर तक्रार झाली नाही.

दर शनिवारी सफाई करायची असं ठरलं होतं. पुढच्या शनिवारी लोक गेलेही. मी गेलो नाही. त्या आठवड्यात सबमिशन होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मित्राचा वाढदिवस होता. मग परीक्षा, मग ऊन, मग पाऊस. मात्र जलकुंभीचा बोजा हातात धरलेला माझा फोटो पुढचे आठ महिने व्हॉट्सअॅपवर डीपी होता.

जलकुंभी परत आली. यायचीच होती. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. एका रोपाला फाटे फुटून दोन होतात, दोनाची चार, आणि पोषण मिळालं तर दोनेक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि तिला लागणारं नायट्रोजन-फॉस्फरसचं खाद्य सांडपाण्यातून येतं. म्हणजे शहराचं सांडपाणी नदीत येत राहील तोवर वरची वेल ओढून काढणं हे घाम पुसण्यासारखं आहे. ताप तसाच राहतो. पण पुसायचंही थांबवलं तर मग काहीच उरत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "पाहा, आम्ही सगळी काढली होती, परत आली. या गावाचं काही होत नाही." उलट आता माझ्या तक्रारीला वजन आलं होतं. मी तर गेलो होतो! एका शनिवारच्या भांडवलावर मी पुढची पाच वर्षं बिनदिक्कत तक्रार केली.

*

अमरावतीत आम्ही पाच जण गाडगेनगर भागात खोली करून राहायचो. गाडगेबाबांची समाधी त्याच भागात. आमच्या विद्यापीठाला नावही त्यांचंच, म्हणजे माझ्या पदवीवर छापलेलं नाव त्यांचं आहे. रोज त्या रस्त्यानं जाऊनही मला त्यांच्याबद्दल शाळेतल्या धड्यापलीकडे फारसं माहीत नव्हतं.

आमच्या खोलीत कचऱ्याचा एक डबा होता आणि तो कोणी रिकामा करायचा यावर रोज वाद. भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. ते कोणी पाळत नव्हतं, पण दुसरा पाळत नाही हे दाखवायला मात्र त्याचा उपयोग होत होता. एकदा डब्यात किडे झाले. तेव्हा घरमालकीण काकू वर आल्या, काहीही न बोलता डबा उचलून खाली नेला, धुतला, उन्हात पालथा घातला आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "कोन्या रस्त्यानं जाता-येता रे पोट्टेहो तुमी?"

तेव्हा आम्ही हसलो होतो. नंतर मी गाडगेबाबांबद्दल थोडं वाचलं. जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. लहानपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाकडे. म्हणजे अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हे त्यांचे. १९०५ साली घर सोडलं, त्यानंतर हातात खराटा आणि गाडगं. आपली मोर्णा ज्या पूर्णेला मिळते, त्याच पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी ते गेले.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो त्यांचा क्रम. गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे. कीर्तन संध्याकाळी. कीर्तनात लोकांना ते भरपूर बोलायचे, सरळ प्रश्न विचारून भंडावून सोडायचे: कर्ज काढून सण कशाला करता, देवाला बकरं कशाला कापता, पोरांना शाळेत का घालत नाही. पण बोलायचा हक्क त्यांनी दिवसभर झाडून मिळवलेला असायचा. आमचं उलटं होतं. आमचं कीर्तन रोज संध्याकाळी सात वाजता गच्चीवर व्हायचं, आणि झाडलं होतं फक्त एका शनिवारी, तेही २०१८मध्ये.

*

२०२३च्या ऑगस्टमध्ये आईला ताप आला. बाबांनी पहिले दोन दिवस मला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, "रिपोर्टमंदी डेंगू निघाला. पन तू येऊ नको, सुट्टी वाया जाईन." मी रात्रीच्या गाडीनं निघालो.

पाच रात्री दवाखान्यात काढल्या. आईच्या प्लेटलेट तीस हजारांवर आल्या तेव्हा बाबा कॉरिडॉरमध्ये नुसते उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. डॉक्टर 'वाट पाहू' म्हणाले. सहाव्या दिवशी आकडा वर चढू लागला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका आकड्यासाठी देवाचं नाव घेतलं. एरवी मी दिवसभर आकडेच पाहत असतो.

त्या पाच रात्रींत मी एकच काम केलं. मोबाईलवर एक लांबलचक तक्रार लिहिली. नदी, नाली, सांडपाणी, फवारणी न होणं, सगळं मुद्देसूद. खाली आईच्या रिपोर्टचा फोटो जोडायचा विचार होता. आई मरता मरता वाचली ती तुमच्यामुळे, असा त्या पत्राचा सूर होता. खरं सांगायचं तर लिहिताना बरं वाटत होतं. कोणाचा तरी दोष आहे आणि तो मी नाही, याचं बरं वाटत होतं.

आईला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वॉर्डातल्या आशाताई आल्या. डेंग्यूचा पेशंट निघाला की घराची पाहणी करतात. मी त्यांना दारातच नदीबद्दल ऐकवायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कायच्यात भरून ठेवता?"

मी दाखवलं. अंगणातलं सिमेंटचं टाकं, न्हाणीतला निळा ड्रम, स्वयंपाकघरातले हंडे. नळ पाच दिवसांनी येणाऱ्या घरात जेवढं असतं तेवढं. त्या प्रत्येकात टॉर्च मारून पाहत होत्या. मग बाहेरून फिरून मागच्या खिडकीपाशी गेल्या. तिथं स्टँडवर आमचा लोखंडी कूलर. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, इथं कूलर नसलेलं घर शोधावं लागेल. पाऊस सुरू झाला की तो बंद होतो. काढून ठेवायचं काम मात्र 'पुढच्या रविवारी' असतं. त्यांनी बाजूची जाळी उचलली, टॉर्च मारली आणि मला जवळ बोलावलं.

"हे पाहा, दादा. हे वळवळून रायल्या ना, ह्या डासाच्या अळ्या हायेत."

तळाला वीतभर पाणी होतं. जूनचं असेल. वर पावसाची भर. त्यात बारीक काळे स्वल्पविराम वरखाली करत होते. शंभर असतील, दोनशे असतील. आणि त्या खिडकीच्या आत, तीन फुटांवर, आईची खाट.

*

माझ्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. बग आला की आधी लॉग वाचा, मग कोणाकडे ढकलायचा ते ठरवा. नवीन पोरं लॉग न वाचता 'हा दुसऱ्या टीमचा आहे' असं लिहून मोकळी होतात. मीही होत असे. आणि दोन दिवसांनी तो बग फिरून आपल्याच नावावर येतो, सोबत वरिष्ठांची एक ओळ घेऊन.

त्या रात्री मी लॉग वाचला, म्हणजे डासांबद्दल जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास घाण पाण्याच्या वाट्याला सहसा जात नाही. त्याला साठवलेलं, तुलनेनं स्वच्छ पाणी लागतं: टाकं, ड्रम, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे. नाली आणि गटाराच्या पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलताना जास्त. म्हणजे संध्याकाळी सातनंतर गच्चीवर बाबांना चावणारा, ज्याच्यावर आम्ही वीस वर्षं चिडत होतो, तो बहुतेक हा नव्हेच. एडिस फार लांब उडतही नाही, शे-दोनशे मीटर, क्वचित थोडं जास्त. आईला चावलेला डास मोर्णेवरून आला नव्हता. आमच्या गल्लीतला होता, आणि अंदाज करायचाच तर आमच्याच खिडकीतला.

मी बाबांना हे सांगितलं. बाबा चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले. पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे मच्छर आपल्याच घरचा निघाला."

मोबाईलमधली ती तक्रार मी पाठवली नाही.

*

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'मग दोष आमचाच' असं मला म्हणायचं नाही. पाणी पाच दिवसांनी येतं म्हणून आम्ही साठवतो. हौस म्हणून कोणी अंगणात टाकं बांधत नाही. रोज नळ आला असता तर ड्रम लागला नसता. हा भाग आमच्या हातातला नाही, आणि तो ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारत राहायलाच हवं.

पण दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या कूलरपाशी कळलं. दोष मागच्या काळाबद्दल असतो: हे कोणामुळे झालं? जबाबदारी पुढच्या शनिवारबद्दल असते: आता कोण करणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही लांबचं निघालं तरी दुसऱ्याचं उत्तर कधीकधी तीन फुटांवर असतं. मी आणि बाबा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर इतके खूश होतो की दुसरा प्रश्न कधी विचारलाच नाही.

आणि हेही. हा प्रश्न माणसानं स्वतःला विचारायचा असतो, दुसऱ्याला नाही. माझे मामा मूर्तिजापूरकडे कापूस आणि सोयाबीन करतात. कोरडवाहू. ज्या वर्षी पाऊस दीड महिना गायब होतो आणि नंतर सोंगणीच्या वेळी येतो, त्या वर्षी मी त्यांना 'परिस्थिती बदलायची जबाबदारी घ्या मामा' असं सांगणं हा निव्वळ आगाऊपणा होईल. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला असे सल्ले बरेच मिळालेत, बहुतेक ज्यांचा पगार एक तारखेला होतो अशांकडून. भाव, पाऊस, कर्ज हे त्याच्या खिडकीतले कूलर नाहीत. गाडगेबाबांनीही खराटा आधी स्वतःच्या हातात घेतला होता. दुसऱ्याच्या हातात देऊन मागे उभे राहिले असते तर आज त्यांचं नाव कोणी घेतलं नसतं.

*

आता शनिवारचं सांगतो.

एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासली की साखळी तुटते. आरोग्य खात्याचे लोक याला 'कोरडा दिवस' म्हणतात. भिंतीवर लिहिलेलं मी लहानपणापासून वाचत आलो होतो. आम्ही शनिवार ठरवला. मोर्णेचा शनिवार मनात होता की काय, माहीत नाही.

पहिले तीन शनिवार मी घरी होतो. घासलं. मग पुण्याला परतलो आणि चौथ्या शनिवारी फोन केला. बाबा म्हणाले, "आज नळ नाही आले. भरलेलं पानी कसं सांडू?" प्रश्न खरा होता. पाणी मोलाचं असलेल्या घरात ड्रम ओता म्हणणं सोपं नाही. मी फोनवर चिडलो, ते माझ्यावर चिडले. ठेवल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा कीर्तन करत होतो, फक्त गच्ची पुण्याची होती.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा आशाताईंना विचारून दोन सोपे बदल केले. टाक्यात गप्पी मासे सोडले, ते अळ्या खातात. टाकं ओतायची गरज उरली नाही. ड्रमवर जुन्या नऊवारीचं फडकं दुहेरी करून घट्ट बांधलं. घासायचं ते नळ यायच्या आदल्या दिवशी, तळाला थोडंसं पाणी उरलेलं असताना. त्या पाण्यानं अंगण धुतलं. शनिवार मोडला, पण आठवडा टिकला. वर्षभराच्या अनुभवावरून सांगतो, कोणताही नियम घरात टिकवायचा तर आधी त्या घराच्या नळाची वेळ माहीत पाहिजे.

गल्लीचं काम अवघड होतं. डास कुंपण मानत नाही, त्यामुळे एकट्या आमच्या घरानं भागणार नव्हतं. मी एकदा उत्साहात शेजाऱ्यांचा कूलर पाहायला गेलो. "तुमच्या घरी डेंगू झाला म्हणून आमचा कूलर तपासता का?" असं ऐकून परत आलो. पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

ते काम बाबांनी केलं, आणि मला न सांगता केलं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी आजी एकटी राहतात. बाबा एका सकाळी आपला ब्रश घेऊन गेले आणि म्हणाले, तुमचं टाकं घासून देतो, वाकता येत नसेल तुम्हाला. दोन-तीन आठवडे नुसतं तेच. एका निवृत्त गुरुजींना म्हातारीचं टाकं घासताना सगळ्यांनी पाहिलं. मग शेजारच्यांनी विचारलं, काय करून रायले गुरुजी? तेव्हा बाबांनी सांगितलं. आज गल्लीतल्या चौदा घरांपैकी नऊ-दहा घरं तरी कोरडा दिवस पाळतात. ज्यांच्याकडे मी ऐकून आलो होतो तेही त्यात आहेत. मी विद्यापीठाची पदवी घेतली, पण ज्यांच्या नावानं ती मिळाली त्यांचा अभ्यासक्रम बाबांनीच पूर्ण केला.

बाबांचा नळाबद्दलचा पाठपुरावाही चालू आहे. आता तो गच्चीवर होत नाही. एका वहीत नळ आल्याची तारीख आणि वेळ लिहितात, आणि दर महिन्याला त्याची नक्कल लावून लेखी अर्ज देतात. पोच घेतात. फरक पडला का? अजून नाही. पण अर्जात आता 'या गावाचं काही होत नाही' असं नसतं, तारखा असतात.

मोर्णेत जलकुंभी आहे. संध्याकाळी सातला गच्चीवर मच्छर आजही चावतात, ते क्युलेक्सच असावेत. बाबा अधूनमधून चिडतातही. माणूस आहे.

मागच्या शनिवारी सवयीनं फोन केला. "झालं का घासून?"

"झालं," बाबा म्हणाले. "आशाताई इचारत होत्या तुले. तुह्या पुन्याच्या घरचं झालं का?"

"इथं कूलर नाही बाबा. फ्लॅट आहे. तिसरा मजला."

"फ्रिज हाये ना?"

मी फोन चालू ठेवूनच उठलो. फ्रिज भिंतीपासून ओढला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मागचा ट्रे बाहेर काढला आणि मोबाईलचा टॉर्च लावला.

"काय दिसते?" बाबांनी विचारलं.

मी ट्रे घेऊन न्हाणीघराकडे निघालो. "थांबा," म्हटलं, "आधी घासतो, मग सांगतो."